तीन ठोके

देव तेव्हा कुठे होता, असं विचारलंस तू, लुसिक,
मंगळवारी, जिन्यात, चपला हातात घेऊन.
मला ठाऊक नाही.
मला आठवतं ते वार्सेनिकचं लाटणं.
अक्रोडाचं, एका टोकाला जळकं.
भूकंपातून तिच्या घरचं एवढंच निघालं:
लाटणं, आणि धाकट्याचा एक बूट.

त्यानंतरचा चौथा हिवाळा.
ग्युमरीत आम्ही लोखंडी डब्यांत राहायचो,
ओळीने मांडलेल्या,
जणू इंजिन येणार आहे आणि नेणार आहे जोडून.
वीज तासभर, कधी तेवढीही नाही.
बागेतले पॉपलर संपले, मग शाळेची बाकं,
मग मी नवऱ्याची पुस्तकं चुलीत घालू लागले.
आधी रसायनशास्त्र. सगळ्यात शेवटी
त्याच्या हस्ताक्षरातली हिशेबाची वही.
तीन रात्री उशाशी ठेवली.
चौथ्या दिवशी तिच्यावर चहाचं पाणी उकळलं.

चर्चचा घुमट अंगणात पडला होता, अख्खा,
पालथ्या वाटीसारखा.
बायका त्यालाच कपाळ टेकवायच्या. मी नाही.
ज्याला आपलं छप्पर सांभाळता आलं नाही
त्याच्याकडे काय मागायचं?

पण रात्री वार्सेनिक भिंतीवर लाटणं आपटायची.
तीन ठोके.
पलीकडून अरुस्याकचे तीन. मग अगाफ्याचे.
ओळीच्या टोकाला माझे.
म्हणजे: आहे. आहे. आहे.
जिवंत आहेस का गं, असं तोंडाने विचारायला
जीभ कुणाची वळणार होती?

आणि वार्सेनिकशी मी बोलत नव्हते, बरं का.
पावाच्या रांगेत तिने मला चोर म्हटलं,
मी तिला निपुत्रिक म्हटलं.
हो, मीच.
बूट माहीत असताना.

जानेवारीतल्या एका रात्री मी उत्तर दिलं नाही.
चूल विझलेली, कोट अंगावर तसाच.
थंडी आधी बोचते, लुसिक, मग मऊ होते.
मऊ व्हायला लागली होती.
तीन ठोके. परत तीन.
मग दारावरच घाव,
आणि कडीसकट दार आत.

जवळ घेतलं नाही तिने. रडली नाही.
म्हणाली, "ऊठ. पीठ फुगून बाहेर चाललंय
आणि वाकायला कुणी नाही."

तोनिर म्हणजे जमिनीतली भट्टी, विहिरीसारखी.
लवाश लावायची तर कंबरेपर्यंत आत जायचं,
डोकं खाली, तोंडावर जाळ, पाय अधांतरी.
मागून कुणीतरी घट्ट धरावं लागतं.
मला तिने धरलं होतं.
जिला मी तो शब्द बोलले
तिच्या दोन हातांत माझं सगळं वजन.

आत वाकल्या वाकल्याच मी म्हटलं, "वार्सेनिक, तेव्हा मी..."
वरून आवाज आला, "जळेल ती. काढ."

अरुस्याक लाटत होती, नाक गळत होतं तिचं.
अगाफ्या तिच्या मोलोकान आजीची स्तोत्रं म्हणत होती.
तिच्यांत क्रूस नाही, मेणबत्ती नाही, नुसता गळा.
म्हणाली, "आमच्या देवाला उजेड लागत नाही."
शहरभर मेणबत्ती मिळत नव्हती त्या वर्षी;
आमच्यात तीच एक श्रीमंत.
आम्ही हसलो. मी हसले.
पीठ उडालं, भुवया जळाल्या.
डावी अजून नीट उगवलेली नाही.

तो देव होता का, मला विचारू नकोस.
पहिला लवाश कोपऱ्यापासून फाडला, चौघींत,
आणि सगळ्यात मोठा तुकडा
तिने न बोलता माझ्याकडे सरकवला.

वार्सेनिक गेली, चार वर्षं झाली.
लाटणं माझ्याकडे आहे. आत्ता, हातात.

तीन दिवस तुझं दार उघडलेलं नाही.
दूधवाल्याच्या दोन बाटल्या बाहेर तशाच.
लिफ्ट बंद, मी चार मजले चढून आलेय,
आणि माझे गुडघे काय आहेत ते तुला ठाऊक आहे.
दार उघडू नकोस हवं तर.
मी काही जवळबिवळ घेणार नाही.

पण खाली पीठ मळून ठेवलंय.
ऐक, ठोकतेय.